टाकीचा सव्वा महिना

ते मासे माझ्या स्वच्छतेनं मेले, हे कबूल करायला मला सव्वा महिना लागला.

एकाहत्तर सालची गोष्ट. श्रीरामपुरात मी तेव्हा बावीस वर्षं कंपाउंडर होतो, त्यातली साडेएकवीस मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. वय झालं म्हणून ते मुलाकडे पुण्याला गेले आणि जाताना दवाखाना एका कोवळ्या एमबीबीएसला देऊन गेले. टेबल, बाकडी, दोन खाटा, औषधांचं कपाट आणि मी, असं सगळं एकदमच दिलं.

नव्या डॉक्टरांचं नाव श्रीमंत गुंजाळ. माणूस हुशार, मनानं सरळ, पण दम म्हणून नव्हता. पेशंटनं तोंड उघडायच्या आत निदान आणि निदान सांगून व्हायच्या आत सुई. मी मिक्श्चरची बाटली हलवतोय तोवर आतून "झालं का?" बाळंतपणाला बोलावलं तर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे, आणि तिथेच घोडं अडलं. आसपासच्या दहा गावांत गोजरबाई नावाची एक जख्ख म्हातारी सुईण होती. जोखमीची बाई असली की ती बैलगाडीत घालून मोठ्या डॉक्टरांकडे आणायची. गुंजाळ डॉक्टरांना तिनं एकदाच काम करताना पाहिलं आणि भर बाजारात सांगून टाकलं, "पोरगं शिकल्यालं हाय, पर त्येच्या हाताला थांबता येत न्हाई."

त्या दिवसापासून दोन्ही खाटा रिकाम्या पडल्या. खेड्यातली माणसं दवाखान्याच्या बाबतीत गोजरबाईचंच ऐकायची, कारण त्यातल्या निम्म्यांना तिनंच जगात आणलं होतं. शेवटी एका दुपारी डॉक्टर मला म्हणाले, "गोरक्षराव, दसऱ्यापर्यंत जम बसला नाही, तर मी लांब खर्डा गावाकडे सरकारी दवाखान्यात नोकरी धरतो. इथे कुलूप." माझं वय चोपन्न. त्या वयाचा कंपाउंडर कोण ठेवतो? खरं सांगतो, मला घास गोड लागेना.

डॉक्टरांनी यावर उपाय काढला तो काचेच्या टाकीचा. पुण्याच्या कुठल्याशा दंतवैद्याकडे त्यांनी ती पाहिली होती. मासे बघत बसलं की पेशंटचा जीव शांत होतो, म्हणे. माझ्या मते पेशंटपेक्षा डॉक्टरांचा जीव शांत व्हायची गरज जास्त होती, पण मला कोणी विचारलं नाही. नगरहून लोखंडी चौकटीची तीन फुटी टाकी आली. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप आला. आणि आठ सोनेरी मासे दुधाच्या किटलीतून पुण्याहून एसटीनं आले. किटली माझ्या मांडीवर होती. घोडनदीपर्यंत माझं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

पहिले चार दिवस काय गर्दी. धडधाकट माणसं खोकत खोकत यायची, बाकड्यावर बसून मासे बघायची आणि औषध न घेताच बरी होऊन जायची. पाचव्या दिवशी एक मासा आडवा झाला. सातव्या दिवशी तीन. बाराव्या दिवशी टाकीत नुसते बुडबुडे. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे लोक उघड बोलू लागले की ज्या डॉक्टरकडं मासं जगत न्हाईत, तिथं मान्सं काय जगनार.

"जंतू," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात जंतू झाले असणार."

जंतू म्हटलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. बावीस वर्षं सुया उकळून मी त्यांना मारत आलो होतो. दुसरे सहा मासे आले, आणि मी कंबर कसली. रोज सकाळी सगळं पाणी उपसायचो. काचा राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायचो. तळातले गोटे सुयांच्या भांड्यात वीस मिनिटं उकळायचो. वर ताजं नळाचं पाणी, आणि त्यात विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचे दोन खडे. टाकी अशी लखलखीत झाली की तिच्यात ऑपरेशन करावं. हे सहा मासे मात्र आठवड्यातच गेले. झाडणारी मालनबाई एकेक मासा सुपलीत घेऊन परसात पुरायची आणि माझ्याकडे असं बघायची की जणू मीच गळा दाबलाय.

अशात आमच्याकडे शमशेरभाई बोट बांधून घ्यायला आले. शमशेरभाई कल्हईवाले. शिवाय मशिदीच्या हौदाची देखभाल त्यांच्याकडे होती. माझा त्यांचा वीस वर्षांचा स्नेह. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी मासे नसलेल्या टाकीत नाक घातलं.

"गोरक्षभाऊ, ह्या पान्याला तुमचाच वास येतोय," ते म्हणाले. "आमच्या हौदात माझ्या अब्बांच्या वेळेपास्नं मासळी हाय. आमी हौद कधी घासत न्हाई. आठ दिसांनी थोडं पानी काढायचं, थोडं घालायचं. नवं पानी कडक असतंय. त्येला जुनं हू द्यावं लागतं."

लोकांची भांडी दिवसभर चकचकीत करणारा माणूस मला घासू नका म्हणून सांगत होता. मला रागच आला. दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्यात गुंडाळून हौदातलं एक फुटकं कौल घेऊन आले. त्यावर हिरवंगार, बुळबुळीत शेवाळ. तांब्यात चार गप्पी मासे, हिवतापवाले डास खायला सोडतात ते. रंग मातीचा, लांबी बोटाच्या पेराएवढी.

"हे दवाखान्यात?" मी कौलाकडे बोट दाखवून विचारलं. "ही घाण?"

मालनबाई केरसुणी टेकवून म्हणाली, "आवो, नुसतं दूध तापवून ठिवलं तर दही हुतंय व्हय? इरजन लागतंच की."

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं पाहिलं की ते बोलायच्या आधी विचार करताहेत. "मासे पाण्यात घाण करतात," ते सावकाश म्हणाले. "ती घाण पचवणारेही जंतू असणार. या कौलावर आहेत. आपल्या टाकीत ते वाढू लागले की आपण रोज सकाळी त्यांनाच मारत होतो." मग माझ्याकडे पाहून त्यांनी दुरुस्ती केली, "म्हणजे, तुम्ही."

शमशेरभाईंनी नियम घालून दिले. नळाचं पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच घालायचं. खायला एक दिवसाआड चिमूटभर. आठवड्याला एक कळशी पाणी बदलायचं, बाकी टाकीला हात लावायचा नाही. किती दिवस, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "पानी सांगंल." डॉक्टरांनी पुठ्ठ्यावर ‘टाकीला हात लावू नये’ असं लिहून टांगलं. पेशंटना वाचता येत नव्हतं. पाटी कोणासाठी होती ते मला कळलं.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. आठवड्यानं त्याला कुबट वास येऊ लागला. मग काचांवर तपकिरी थर धरला आणि मासे अंधुक दिसू लागले. येणारे जाणारे नाक मुरडायचे. माझा हात असा शिवशिवायचा की मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या दोनदोनदा घासत बसायचो.

डॉक्टरांचं तर माझ्याहून कठीण. ते स्टूल घेऊन टाकीसमोर बसायचे आणि दोन्ही हात पाठीमागे धरायचे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं बसले असतील. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास. एकदा एक बाई पोटात दुखतंय म्हणून आली. तिनं सासूपासून सुरुवात केली, दिराच्या लग्नावर गेली, म्हशीवर आली. डॉक्टर टाकीकडे बघत सगळं ऐकत राहिले. पंधराव्या मिनिटाला ती म्हणाली की महिनाभर ती शिळ्या कालवणावरच दिवस काढतेय. डॉक्टरांनी सुई उचललीच नाही. तिला जेवणाचं नीट समजावून पाठवलं. मी आतून बघत होतो. मला मोठ्या डॉक्टरांची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं. मिक्श्चरचा झणका डोळ्यांत गेला म्हणून मालनबाईला सांगितलं.

दसरा पंधरा दिवसांवर आला. खर्ड्याकडचा अर्ज डॉक्टरांच्या टेबलावर भरून ठेवलेला होता, नुसती सही बाकी. अशात बाजाराच्या दिवशी सकाळीच मालनबाई धापा टाकत आली. ती गोजरबाईच्याच गावची. "म्हातारी येतीया," ती म्हणाली. "म्हनती, डाक्टरनं घान पानी साठीवलंय म्हनं, बघू तर दे."

डॉक्टर व्हिजिटला गेले होते. मी टाकीकडे पाहिलं. तपकिरी काचा, वर तवंग, खाली लोंबणारं शेवाळ. हे पाहून म्हातारी बाजारात काय सांगेल? मी पाटी उलटी फिरवली. बादली आणली, राख आणली, शेंडी आणली. गाडी यायला तास तरी लागेल असा माझा अंदाज होता, आणि तेवढ्या वेळात टाकी आरशासारखी केली असती. बाह्या सारून मी हात आत घातला आणि आधी ते कौलच उचललं.

कौलाखालून काहीतरी हललं. मी चष्मा पुसला. पापणीच्या केसाएवढे, नुसते दोन डोळे आणि शेपूट, असे जीव शेवाळात शिरत होते. सात मोजले, मग अकरा. पाणीही काचेवरच्या थरामागे कधी नितळ झालं होतं ते आम्हाला कळलंच नव्हतं. वासही मातीचा येत होता, पहिल्या पावसातल्या विहिरीसारखा नव्हे, तर मुरलेल्या रांजणासारखा. मी कौल होतं तसं, जपून, खाली ठेवलं.

"काय चाललंय कंपौंडर?"

गोजरबाई दारात. तिच्या मागोमाग सायकल टेकवून डॉक्टर आत आले. त्यांनी माझा कोपरापर्यंत ओला हात पाहिला, बादली पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी नुसतं टाकीकडे बोट दाखवलं.

म्हातारी टाकीवर वाकून, पाण्याला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. काचेवरचा थर तिनं बोटानंसुद्धा पुसला नाही. "बाळंतीन हाय व्हय हितं," ती म्हणाली. "किती दिस झालं पानी ठिवून?"

डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं. "अडतीस."

"सव्वा महिना." बाळंतिणीला खोलीतून बाहेर काढतात तो तिचा हिशेब. "आन् एवढे दिस हात न्हाई लावला?"

"आठवड्याला कळशीभर पाणी बदललं," डॉक्टर म्हणाले. "बाकी काही केलं नाही. रोज करावंसं वाटत होतं, पण बसून राहिलो."

गोजरबाईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. तोंडात दात दोनच, पण हसली ती मनापासून. "माझ्या हातून हजारभर पोरं झाली आसतील, डाक्टर. त्यातली नवशे नुसतं बसून ऱ्हायल्यानं झाली. बाकीच्या शंबरांसाठी तुमी लागता. पर बसून ऱ्हायला येतंय का, त्ये बघितल्याबिगार बाई कशी सोपवायची?"

मग ती दाराकडे गेली आणि रस्त्यावरच्या गाडीकडे बघून हाक मारली, "चांगुणा, उतर गं. हळू. ह्यो चालंल."

चांगुणा तिची सख्खी नात होती. आठवा महिना, पाय सुजलेले. डॉक्टर तिला आधार द्यायला बाहेर गेले, आणि या वेळी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

जाता जाता गोजरबाई माझ्याजवळ थांबली. "कंपौंडर," ती हळूच म्हणाली, "ती शेंडी ठिव आता."

मी बादली, राख आणि शेंडी मोरीत नेऊन ठेवली, पाटी सुलटी केली, टेबलावरचा तो अर्ज खणात सारला आणि खाटेवर घालायला धुतलेली चादर काढली.