रुसलेला कावळा

"शिवला! कावळा शिवला!"

आयर्लंडमधल्या त्या पडक्या किल्ल्याच्या चौकात एकच गलका झाला. लिक्सलिप, डब्लिन, गॉलवे, कुठून कुठून गाड्या काढून आलेले इंजिनिअर आणि पीएचडी करणारी पोरं टेकडीवरच्या चिखलात हात जोडून उभी होती. वर, दोन पुरुष उंचीच्या तटावर, कावळे भाताच्या पिंडावर तुटून पडले होते.

मोरेश्वर महाराजांनी रेनकोटावरचं उपरणं सारखं केलं. "लेल्यांच्या आजोबांची इच्छा होती, नातवानं संध्या करावी. नातवानं शब्द दिला, लगेच शिवला. विचारा म्हणावं तुमच्या सायन्सला, हे कसं काय!"

मेलेल्या माणसाची इच्छा अडली की पिंडाला कावळा शिवत नाही, ही आपली जुनी समजूत. महाराजांनी तिचं या मध्ययुगीन किल्ल्यात दुकान थाटलं होतं. दहावा कधीच उलटून गेलेला असला तरी चालतो, कासलबारजवळची ही टेकडी म्हणजे पितरांचं स्टेशन आहे, असली त्यांची बडबड. त्यांचा शिष्य रविकांत बुरुजाच्या जिन्यानं वर जाऊन तटावर पिंड ठेवायचा आणि वरच थांबायचा.

पुढचा पिंड माझ्या भाच्याचा होता, अद्वयचा. सोळा वर्षांचा पोरगा, मागच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर समुद्रात उतरला तो परत आला नाही. त्या सकाळी त्याचं आणि वसुधाताईचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ताईनं ते रडतरडत महाराजांना सांगितलं आणि त्या माणसाला घबाड मिळालं. "मुलगा आईवर रुसलाय," त्यानं जाहीर केलं. "कावळा शिवेपर्यंत अन्न वर्ज्य." ताई दूध-फळांवर राहू लागली. गेल्या आठवड्यात ती ऑफिसात चक्कर येऊन पडली.

पिंड ठेवला गेला. कावळे घिरट्या घालत खाली यायचे आणि तटाजवळ येताच ओरडत उधळायचे.

"अद्वय, बाळा, चुकलं रे माझं," ताई चिखलात गुडघे टेकून म्हणत होती. "नाही रागावणार परत. ये ना रे."

बायका डोळे पुसत होत्या. ताईचं रडणं पाहायला दर रविवारी गर्दी वाढत होती, आणि महाराजांना तेच हवं होतं.

"महाराज," मी म्हणालो, "आपल्याकडे दर्भाचा कावळा करून शिववतात. तो करा आणि सोडवा तिला."

"दर्भाचा कावळा आजोबांना चालतो हो," ते गोड हसले. "रुसलेल्या लेकराला नाही चालत."

माझं डोकं फिरलं. लेल्यांच्या भातावर झडप घालणारे कावळे अद्वयच्या भाताला भितात? मी सरळ बुरुजात शिरलो.

आत गोल दगडी जिना होता. मधल्या पायऱ्या ढासळलेल्या, कोनाड्यांत कावळ्यांनी काटक्या रचून ठेवलेल्या. शेवाळावर दोनदा घसरलो. वर झरोक्याशी रविकांत थर्मासमधला चहा पीत बसला होता. त्याच्या बोटाला मासे धरायची नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती.

"अहो, वर यायला मनाई आहे!"

मी दोरी ओढली. तटावरून सरपटत हाताशी आला तो मेलेला कावळा. खालच्या माणसांना तो दिसणं शक्यच नव्हतं. वरून येणाऱ्या कावळ्यांना मात्र आधी तोच दिसायचा.

इथले शेतकरी पेरलेल्या शेतात मेलेला कावळा काठीला टांगतात. जातभाई मेलेला दिसला की बाकीचे लांब राहतात. खाली कुणी शब्द दिला की रविकांत दोरी ओढून तो बाजूला घ्यायचा, आणि दर रविवारच्या भाताला चटावलेले कावळे खाली यायचे.

मी तो कावळा झरोक्यातून सगळ्यांना दाखवला.

"तो पितृदूत आहे!" महाराज ओरडले. "नास्तिकाचा हात लागला, आता कोप होणार!"

कोप झाला नाही. थोड्या वेळानं एक कावळा तटावर उतरला, मग दुसरा, आणि अद्वयचा पिंड फस्त झाला. त्यासाठी कुणी काही कबूल केलं नव्हतं. महाराज उपरणं सावरत गाडीकडे निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही, पाया पडायलाही कुणी गेलं नाही.

मी विजयी वीरासारखा खाली आलो. ताई तशीच चिखलात बसली होती.

"परेश, म्हणजे अद्वय रागावलेला नव्हता?"

"नाही ताई. ती सगळी दोरीची करामत."

"आणि आता शिवला, तेव्हा... तेव्हा तो आला होता ना रे?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नाही ताई. कावळे भुकेले होते."

तिनं तटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "रागावलेला होता, तेव्हा निदान होता तरी."

मला रडू आवरेना. मी तिच्याशेजारी चिखलात बसलो आणि आम्ही दोघं लहान मुलांसारखे रडलो.

तेव्हापासून ताई जेवते, थोडं थोडं. पण मला त्या माणसाच्या ढोंगापेक्षा याच गोष्टीचा राग जास्त येतो, की त्याच्यामुळे तिला पोरगा दोनदा गमवावा लागला. म्हणून हात जोडून सांगतो. तुमचं माणूस गेलं असेल तर पोटभर रडा, कुणाला तरी शेजारी बसवून घ्या, आणि चमत्कार दाखवणारा भेटला तर भिंतीमागे जाऊन बघा. गेलेलं माणूस रुसत नाही. ते फक्त नसतं, आणि ते नसणं आपल्यालाच सोसावं लागतं.