इन्ग्रिडची आई

ऑक्सिमीटरचा तो निळा चिमटा सिंकपाशीच पडलेला, तोंड किंचित उघडं, जणू आईचं बोट आत्ताच त्यातून निसटलंय... निहारिकानं तो स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. काही न करता, फुकटचे. काल आईचा आकडा उतरतच गेला होता, आणि अँब्युलन्समध्ये चढताना आई काय म्हणाली, तर — "निहू, डाळ भिजत घातलीय गं."

आईला आठवा महिना आणि कोविड. हॉस्पिटल इथेच, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनमध्ये, पण आत कुणालाच सोडत नाहीत. बाबासुद्धा पार्किंगमध्ये गाडीत बसून. तिनं फोन लावला.

"बाबा, कळलं काही?"

"ऑक्सिजन वाढवलाय म्हणतात. तू जेवलीस का? आणि आजीचा फोन आला तर —"

"आलेला सकाळीच. आई झोपलीय म्हणून सांगितलं."

नागपूरची आजी, आईची आई; तिला यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरलेलं. "झोपू दे बाई," आजी म्हणाली होती, "तुझ्या वेळी तर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या. तेव्हापासूनच आगाऊ तू." आणि निहारिका हसली होती — इतकं खरं हसता येतं खोटं, हे कालपर्यंत कुठे माहीत होतं?

लॅपटॉपवर इतिहासाचा ऑनलाइन तास, आज बोलायला तिचाच नंबर. हा विषय तिनं उड्या मारत मागून घेतलेला : मार्गारेट, कॅनॉटच्या ड्यूकची, म्हणजे ब्रिटिश राजपुत्राची मुलगी, ऐन तारुण्यात डब्लिनमध्ये राहिलेली, मग तटस्थ स्वीडनची युवराज्ञी, महायुद्धात नातलग एकमेकांच्या शत्रुदेशांत अडकले तेव्हा त्यांची पत्रं हिच्याकडे यायची आणि ही ती पुढे धाडायची... काय भारी बाई, वाटलं होतं. तेव्हा शेवटची स्लाइडही झटक्यात केली, फुलाफुलांची चौकट वगैरे. १९२०. सहाव्या खेपेचा आठवा महिना, कानामागचं इन्फेक्शन रक्तात भिनलं... मुलगी इन्ग्रिड, दहा वर्षांची.

ती स्लाइड तिनं आज उडवली. मी हे बोललेच नाही तर ते होणार नाही — मूर्खपणा आहे, कळतं मला, वर्गात सायन्समध्ये पहिली येते मी — पण देवा, मी गप्प बसते, तू माझ्या आईला...

ती धडाधड बोलली, आणि मार्गारेटला बागेचं वेड होतं, तिथपर्यंत येऊन थांबली.

"ग्रँड, छान झालं, निहारिका," इतिहासाच्या मिस किओ म्हणाल्या.

पण ईफा, तिची जिवाभावाची मैत्रीण, तिला कुठे धीर : "अगं पण पुढे? म्हातारी झाली का ती?"

माहीत नाही, म्हणता आलं असतं. स्क्रीनवरचे सगळे चौकोन तिच्याकडे बघत होते...

"गेली ती," तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "बाळ पोटात असतानाच."

आणि तोंडून निघून गेलेला तो शब्द — बाळ? तिनं काढलेल्या मार्गारेटच्या वंशवृक्षावर मुलांच्या फांद्या पाचच. सहावी काढायची असते हे सुचलंच नव्हतं. देवाशी बोलताना तरी? आई, फक्त आई म्हणाले मी, एकदाही दुसरं कुणी नाही... आईच्या झूमवरच्या डोहाळजेवणात सगळे 'ताई, ताई' करून चिडवायला लागले तेव्हा कॅमेरा बंद केला होता मी... आता नव्याने मागायचं, दोघांसाठी मागायचं, तर गप्प बसणं, जे एकच हातात होतं, तेही गेलं होतं. बोटं टेबलाखाली घट्ट गुंफलेली, आणि बदल्यात द्यायला काही, काहीच नाही.