केबल जोडलेली नाही

चंदनाने सकाळी साडेनऊला कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली : केबल जोडलेली नाही. तिने वाकून पेटीच्या मागे पाहिलं. केबल जोडलेली होती. काढून परत खोचली, नीट बसल्याचा आवाजही आला. ओळ तशीच राहिली.

अकरा वाजता बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतली तीन माणसं तिच्यासमोर पडद्यावर येणार होती. उसाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्रॅम तिने दोन वर्षं खपून लिहिला होता. ती माणसं ऐनवेळी नवे फोटो पाठवणार आणि चंदनाने ते त्यांच्यादेखत तपासून दाखवायचे, असं ठरलं होतं. जमलं तर तिथे नोकरी होती. तारीख एकदा पुढे गेली होती. आता परत बदलणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

हा कॉम्प्युटर तिच्या भावाने, जिनेंद्रने, एकेक भाग निवडून स्वतः जोडला होता. त्यात कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन प्रणाली होत्या, विंडोज आणि लिनक्स. सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन्ही नावं येत, बाणाचं बटण दाबून हवं ते निवडायचं. चंदना कायम वरचं लिनक्स घ्यायची, कारण तिचा प्रोग्रॅम तिथेच चालायचा. खालच्या विंडोजला जिनेंद्र घर सोडून गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. वायफायचा भाग त्याने बसवलाच नव्हता. तारेसारखा भरवसा कशाचा नाही, असं त्याचं म्हणणं.

पूर्वी काही अडलं की ती त्याला हाक मारायची. आता ती सोय नव्हती. आठ महिन्यांपूर्वी त्याने जैन मुनीची दीक्षा घेतली. मुनिसंघाबरोबर तो सीमेपलीकडच्या गावांतून पायी फिरत होता. त्याच्याकडे फोन नव्हता, आणि जिनेंद्र हे नावही आता त्याचं राहिलं नव्हतं. आई आठवडाभर तिकडेच गेली होती. वडील, बापूसो चौगुले, ज्यांना ती अण्णा म्हणायची, दीक्षेच्या दिवशीसुद्धा गेले नव्हते. गुजरीत, सराफांच्या बाजारात, त्यांचं चांदीच्या पैंजणांचं दुकान होतं आणि ते मुलगा चालवणार, असं ते धरून बसले होते. दीक्षा झाल्यापासून त्यांनी घरात मुलाचं नाव काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं तर उठून बाहेर जात.

चंदनाने कपाटातून दुसरी केबल आणली. राउटर बंद करून पुन्हा लावला. केबल खोचतो तिथे एक हिरवा दिवा असतो, रोज लुकलुकणारा. आज तो मेलेला होता. राउटरचं दुसरं भोक, मग तिसरं. जोडणी सुरू कर असा आदेश हाताने लिहून दिला. केबल जोडलेली नाही.

दहा वाजले. मोबाइलचं नेट वापरावं म्हणून तिने तो वायरने कॉम्प्युटरला जोडला आणि मैत्रिणीला व्हिडिओ लावला. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत रेंज अशी कधी नसायचीच. मैत्रिणीचा चेहरा अर्ध्या हसण्यावर थिजला आणि तसाच राहिला. चंदनाने कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, आणि या वेळी खालचं नाव निवडलं.

विंडोजमध्ये दिवा लागला. नेट वाऱ्यासारखं चाललं.

क्षणभर तिला हायसं वाटलं. मग ती पुन्हा लिनक्समध्ये आली, आणि दिवा परत गेला. म्हणजे केबल चांगली होती, राउटर चांगला होता. बिघाड तिच्याच बाजूला होता, जिथे फक्त ती काम करायची. आपण काय केलं? काल दुपारपर्यंत सगळं चालत होतं.

रेंजसाठी ती मोबाइल घेऊन बाहेर पायरीवर गेली आणि जोतीरामला फोन लावला. राजारामपुरीत त्याचं कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान होतं. जिनेंद्र सगळं त्याच्याकडूनच आणायचा. तिने एका दमात सांगून टाकलं.

"लिनक्सात दिवा न्हाई, विंडोजात हाय. बरोबर?" जोतीराम म्हणाला. "मग तारेचा नाद सोडा ताई. काल चालतंतं काय?"

"दुपारी दोनपर्यंत मीच बसलो होतो. मग विद्यापीठात गेलो."

"दोननंतर कुणी विंडोज लावलंतं?"

"कुणीच न्हाई. घरात अण्णा सोडून कोण नव्हतं. त्यांना माऊस धरता येत न्हाई."

"नीट इचारून सांगा. लावलं असंल तर धा मिनटाचं काम हाय, मी फोनवर सांगतो. लावलं नसंल तर तार खोचता ते नेटचं कार्ड जायला लागलंय. मग मी नवं घिऊन आत्ताच निघतो, पर मला यायला आणि बसवायला अर्धा तास जाणार. दोन्ही करत बसलो तर अकरा वाजून जातील की."

दहा चोवीस झाले होते. चंदना आत आली. अण्णा दुकानाला निघायच्या तयारीत होते. डोक्यावर टोपी, एका पायात चप्पल, दुसरी पायाने चाचपत होते.

"अण्णा, काल मी नसताना कॉम्प्युटर लावलासा?"

"मी कशाला लावतोय?" त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि दाराकडे वळले.

"अण्णा, थांबा." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी रागवत न्हाई. का लावला तेबी विचारत न्हाई. व्हय का न्हाई, एवढंच सांगा. अकराला माझं सगळं हाय त्याच्यावर."

अण्णा दारात थांबले. हाताने चौकट धरली. मग ते आत येऊन बाकावर बसले.

"लावलतो," ते म्हणाले.

"कुठलं नाव दाबलासा? वरचं का खालचं?"

"खालचं. त्यो खालचंच दाबायचा, ते बघितलंतं मी." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "तुझी आई फोनवर म्हणली, आज चार वाजता त्यांचं पहिलंच प्रवचन हाय, नेटवर थेट दाखवणार हायत. लई येळ चाचपडून लावलो. पाचच मिनटं बोलले. मग मी हळूच बंद करून ठेवलो." ते थांबले. "मी मोडलो काय गं ते?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा ते त्याच्याविषयी बोलत होते, आणि तेही मुनींविषयी बोलावं तसं, 'बोलले' असं.

"न्हाई अण्णा. मोडलं न्हाई," ती म्हणाली आणि पायरीकडे धावली.

"मग झालं की," जोतीरामचा आवाज मोकळा झाला. "विंडोज बंद केलं तरी पुरतं झोपत न्हाई. पुढच्या येळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट डुलकी काढतंय, आणि कधीकधी जाताना नेटच्या कार्डाला निजवून जातंय. लिनक्सला ते उठवता येत न्हाई. कुणाची चूक न्हाई, दोघांची रीत येगळी. आता मी सांगतो तसं करा."

रेंज पायरीवर आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत. चंदना एकेक पायरी ऐकायची, आत पळायची, करायची आणि परत बाहेर यायची. तिसऱ्या खेपेला अण्णांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला. ते पायरीवर उभे राहिले आणि जोतीराम जे सांगेल ते आत ओरडून सांगू लागले, शब्द कळो न कळो.

"विंडोजात जायचं म्हणतोय. झटपट सुरू व्हायची एक सोय हाय, त्याच्यावरची खूण काढायची."

ती खूण सापडायला सहा मिनिटं गेली. जिनेंद्रने सगळं इंग्रजीत आणि त्याच्या मनाप्रमाणे मांडून ठेवलं होतं. सापडली, काढली. कॉम्प्युटर पूर्ण बंद केला.

"भिंतीवरचं बटण बंद. मागची जाड वायर उपसून काढायची. मग चालू करायचं बटण तीस मोजंस्तवर दाबून धरायचं, म्हंजे आत उरलीसुरली वीज निघून जाती."

मोबाइल पायरीवर ठेवून अण्णा आत आले. चंदनाचा अंगठा बटणावरून सारखा निसटत होता. अण्णा शेजारी गुडघ्यावर बसले. "मी धरतो," म्हणाले. चाळीस वर्षं चांदी घासून चपटा झालेला त्यांचा अंगठा बटणावर घट्ट बसला. चंदनाने तीसपर्यंत मोजलं. मग खात्री वाटेना म्हणून आणखी दहा.

वायर लावली, बटण दाबलं, दोन नावं आली. वरचं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. दहा बेचाळीस. ती पेटीच्या मागे वाकून हिरव्या दिव्याच्या जागेकडे बघत राहिली. काही नाही. अण्णांनीही मान वाकडी करून बघितलं. त्यांचा श्वास तिला कानाशी ऐकू येत होता.

मग दिवा लागला. एकदा विझला, परत लागला आणि लुकलुकायला लागला.

अण्णांनी गुडघे झटकले आणि बाहेर जाऊन जोतीरामला सांगितलं, "लागला बाबा."

अकराला तीन चेहरे पडद्यावर आले. त्यांनी बारा फोटो पाठवले. अकरा बरोबर निघाले. बाराव्याला प्रोग्रॅमने तांबेरा म्हटलं, पण पान लोह कमी पडल्यामुळे पिवळं झालेलं होतं. चंदनाने सावरासावर केली नाही. असे फोटो माझ्याकडे कमी होते, म्हणून चुकतंय, असं सांगितलं. मधल्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. ते चांगलं की वाईट, हे तिला कळेना. बोलणं दीड तास चाललं आणि तेवढा वेळ तिची एक नजर कोपऱ्यातल्या त्या ओळीच्या जागेवर होती.

ती बाहेर आली तेव्हा अण्णा पायरीवरच बसले होते. दुकान उघडायला गेले नव्हते. शेजारच्या बयाबाईंना त्यांनी दोनदा हळू बोलायला लावलं होतं.

"घेतो म्हणले काय?"

"कळवतो म्हणले."

"बरं." ते थोडे सरकले, ती शेजारी बसली. "आवाज बसलाय त्यांचा," अण्णा म्हणाले. "काल जाणवलं. पहाटेच्या गारठ्यात चालत असतील. बोलले मात्र ठणठणीत. एक शब्द अडला न्हाई."

चंदना त्यांच्या आणखी जवळ सरकली.

बारा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. आधी सहा महिने पारखून घेणार, मग कायम. चंदनाने होकार कळवला. पुढच्या रविवारी पुन्हा संघाकडे निघताना आईने अण्णांना, येता का, असं विचारलं आणि ते नको म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी तिने विचारलं नाही. तेच सकाळी लवकर आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, गाडीत येऊन बसले.