दगडावरची इसोनो

कुमाजिरो वारला तेव्हा त्याच्या थडग्याचा सौदा मीच केला. सगळ्या कॅम्पानं तेव्हा माझी पाठ थोपटली होती, म्हणून आधीच सांगून टाकते.

उसाच्या मळ्यावरच्या आमच्या कॅम्पातलं न्हाणीघर माझ्याकडे आहे. हौद एकच, मध्ये फळ्यांची आडभिंत आणि खाली बाहेरून पेटवायची चूल. बायकांच्या बाजूला रोज एकतीस, पुरुषांच्या बाजूला अठ्ठेचाळीस, शनिवारी पाच-सहा जास्त. कोण कितव्या पाण्याला येतं, कोण कुणाची पाठ चोळतं आणि कुणी कुणाची चोळायची सोडली, हे मला विचारावं लागत नाही. हिरोशिमाच्या बायका कुमामोतोच्या बायकांमागून पाण्यात उतरत नाहीत, आणि वर म्हणतात, "छे छे, आम्हांला मेलं गार झालेलं पाणी सोसतच नाही." मीही हिरोशिमाचीच. पण पाण्याला गाव नसतं आणि सरपण कुणाच्या बापाचं नसतं, म्हणून मी सगळ्यांना एकाच हौदात घालते.

तर कुमाजिरो. न्यूमोनियानं तीन दिवसांत गेला. त्रेचाळीस घरांनी वर्गणी काढली. हिलोहून पाथरवट दगड घेऊन आला. मळ्याच्या दुकानाचे ओकुहारा-सान, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, नाव लिहून द्यायला बसले, तशी मी मध्ये तोंड घातलं, "दगड तोच, गाडीभाडं तेच. बायकोचंही नाव आत्ताच कोरून घ्या. पुढं ही गेली की पुन्हा हिलोहून माणूस बोलवायचा का?" पाथरवटानं दुसरं नाव निम्म्या पैशांत कोरलं. ओकुहारा-सान म्हणाले, "तोमे-सानचा हिशेब म्हणजे हिशेब!" इसोनो तेव्हा अठ्ठावीसची. कोपऱ्यात बसून रडत होती. तिला विचारलं तेव्हा तिची मान हलली. हुंदक्यानं हलली की होकारानं, ते कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

मेलेल्याचं नाव दगडावर कोरं ठेवायचं आणि जिवंताच्या नावात लाल भरायचा, ही आमची गावाकडची रीत. यमाच्या माणसांचा घोटाळा व्हायला नको. ज्याचं नाव लाल, तो अजून यायचाय. लाल खरवडला की तो आला. तिसरा रंग आमच्याकडे नाही.

सहा वर्षं इसोनो दर बोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आधी टेकडीवर जायची, पितरं घरी यायच्या आत थडग्याभोवतीचं गवत कापायची आणि स्वतःच्या नावात स्वतःच्या हातानं लाल भरायची. खरा शेंदरी रंग कुणाला परवडतो? मिलमधे उसाच्या गाड्यांना लावतात तो लाल आम्ही सगळेच वापरतो. माझा नवरा मिलमधे आहे, तो डब्याच्या तळाचा आणून देतो. हाताला लागला की महिना महिना निघत नाही.

बाकी दिवस ती माझ्याकडे राबायची. माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय. ती डोंगरातून पेरूचं सरपण आणायची, चूल पेटवायची, हौद घासायची. शेवटच्या पाण्याला चार लाकडं पुरतात; तिनं कधी पाचवं घातलं नाही. अशी बाई मला दुसरी मिळाली नसती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

न्हाणीत बायका तिची थट्टा करायच्या. "इसोनो-सान, अंग इतकं घासू नका हो, बघणारा वर टेकडीवर आहे!" "असू दे की. त्यानं शेजारची जागा धरून ठेवलीय, स्वच्छ जायला नको?" इसोनो हसायची. पाण्यात हनुवटीपर्यंत बुडून हसायची, म्हणजे किती हसली ते दिसत नसे.

तिसऱ्या वर्षी तिनं मला एकदा विचारलं होतं, "नेसान, ते नाव काढता येतं का हो?" थोरल्या बहिणीसारखी हाक मारायची मला. मी गोष्ट ओकुहारा-सानच्या कानावर घातली आणि त्यांनी ती मंडळाच्या सभेत घातली. "दगड त्रेचाळीस घरांचा आहे," ते म्हणाले. "एकीचं नाव छिन्नीनं उडवायला गेलं तर कुमाजिरोच्या नावाला तडा जाईल. आणि काढायचं कशाला? कुठं जायचंय त्यांना?" सगळे हसले. खरंच, कुठं जायचं होतं तिला? पुढे ऊस, मागे डोंगर, खाली समुद्र. त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

मग तोराकिची आला.

हा कुमाजिरोबरोबर एकाच जहाजातून उतरलेला. मुकादमाशी मारामारी करून पळाला तो बेटाच्या पलीकडे, कोना नावाच्या भागात. तिथं पाच एकर कॉफी लावली. वय चव्वेचाळीस, लग्न नाही. मागच्या बोनला जुन्या दोस्ताला उदबत्ती लावायला आला, तेव्हा इसोनोनं त्याला चहा दिला. तो चार कप प्यायला. मी मोजले. आमच्या कॅम्पातला चहा चार कप पिणारा माणूस एक तर तहानेनं मरत असतो नाही तर दुसऱ्या कशानं.

या वसंतात कॉफीच्या ट्रकवाल्याबरोबर त्याचं पत्र आलं. माझ्या नावावर, सोबत मला एक गोणी कॉफी. माणसाला व्यवहार कळत होता. लिहिलं होतं: "बोनला कुमाजिरोच्या थडग्याशी येईन. इसोनो-सानच्या नावात लाल दिसला, तर एक कप चहा पिऊन परत जाईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. लाल दिसला नाही, तर थडग्यातली इसोनो गेली असं समजेन आणि उरलेलीला विचारेन."

दगड कोरून काढता येत नव्हता, पण रंग तर काढता येत होता. आम्हां साऱ्यांना सहा वर्षांत जे सुचलं नाही ते त्या पळपुट्याला सुचलं.

इसोनो चुलीपुढे बसली होती. मी वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"म्हणजे आधी मरायचं तर," ती म्हणाली.

"हळू बोल बाई. पलीकडे पुरुष आहेत."

"नेसान, कोनात पाऊस कमी असतो म्हणे. कपडे वाळतात."

आमच्या बाजूला कपडे वाळत नाहीत. पाच एकर, नवरा, घर, यातलं तिनं काही काढलं नाही, तेवढंच काढलं. तेव्हा मला कळलं, ही जाणार.

बोनला आठवडा उरला होता. तीन पहाटा ती खिळा आणि तारेचा ब्रश घेऊन टेकडीवर गेली. मला सोडून कुणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी खाली आली तेव्हा नखं तुटलेली आणि चेहरा असा, की मी तो त्या बाईवर कधी पाहिला नव्हता. "निघाला सगळा," म्हणाली. "इतकीशी अक्षरं, पण जड होती हो."

चौथ्या दिवशी हौदाची तोटी तिच्या हातून निसटली आणि उकळतं पाणी पायावर आलं. सहा वर्षांत जिच्या हातून पेला पडला नव्हता, तिच्या. मळ्याच्या डॉक्टरनं पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ताप चढला. तीन गोधड्या घातल्या तरी ती म्हणत होती, "थंडी वाजते, नेसान."

माझ्या डोळ्यांपुढे तो दगड. वर दोन नावं, दोन्ही कोरी. यमाची माणसं वाचून काय समजतील?

बोनच्या आदल्या पहाटे मी मिलच्या रंगाचा डबा घेतला आणि गुडघे ओढत टेकडी चढले. ब्रश नव्हता म्हणून बोटानं भरलं. इ-सो-नो. प्रत्येक अक्षरात दोनदा.

हे मी तिच्या जिवासाठी केलं. शिवाय तोराकिची दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ट्रकनं येणार होता. रस्त्यावरच त्याला गाठून खरं काय ते सांगेन, असं मी ठरवलं होतं. पण रंग भरताना एकदा हेही मनात आलं, की ही कोनात गेली तर सरपण कोण आणणार. आधी कुठलं आलं आणि नंतर कुठलं, ते मी पुष्कळदा मांडून पाहिलं. दोन बाजू आजवर जुळलेल्या नाहीत.

बोनच्या सकाळी तिचा ताप उतरला. झाकण काढलेल्या भांड्यासारखा, एकदम. मी म्हटलं, बघ, रंग लागू पडला. आता संध्याकाळ.

तोराकिची दुपारीच आला. ट्रक लवकर मिळाला म्हणे. दुकानाशी उतरला, ओकुहारा-सानना भेटला, आणि ते त्याला घेऊन सरळ टेकडीवर निघाले. बरोबर दहा-बारा माणसं, पितरांसाठी कंदील आणि फुलं घेऊन. मला कळलं तेव्हा मी हातातला टॉवेल तसाच घेऊन धावले. धावले म्हणजे माझे गुडघे जेवढे धावतात तेवढी.

पोचले तेव्हा तो दगडापुढे उभा होता. नवा कोट, गळ्याला काचणारी कॉलर, काखेत एक पुठ्ठ्याचं खोकं. हलताना खोक्यातून आवाज येत नव्हता; कापड असावं.

"पाहा," ओकुहारा-सान म्हणाले, "आमच्या कॅम्पातल्या विधवा कशा आहेत ते. पाय भाजून घरात पडलीय, तरी नाव कोरं ठेवलं नाही." त्यांनी वाकून अक्षराला बोट लावलं. "अजून चिकटतोय. ताजा आहे."

तोराकिचीनं दगडाला लवून नमस्कार केला. बराच वेळ वर आला नाही.

"मी लावलाय," एवढं म्हणायचं होतं. शब्द दातांशी आले होते. पण दुसऱ्याच्या थडग्याला हात का लावला, हे विचारलं असतं. मग तिनं आधी लाल काढला होता, हे निघालं असतं. मग पत्र, मग कॉफीची गोणी. त्रेचाळीस घरं माझ्याकडे न्हायला येतात. मी टॉवेल बोटांभोवती गुंडाळला.

तो खाली इसोनोकडे आला. मी आणि ओकुहारा-सान बरोबर. तिनं केसांना तेल लावलं होतं, बांधलेला पाय झग्याखाली लपवला होता. उठता येत नव्हतं, तरी चहा तिनंच ओतला. एक थेंब सांडला नाही.

"थडगं फार छान ठेवलंय तुम्ही," तोराकिची म्हणाला.

"छे, कसलं काय," ती म्हणाली आणि मान वर करून वाट पाहू लागली. दगड पाहून आलेला माणूस आता जे बोलणार होता, त्याची.

त्यानं कप खाली ठेवला. कोनातल्या उन्हाबद्दल बोलला, कॉफीच्या पडलेल्या भावाबद्दल बोलला. तिनं किटली उचलली, तेव्हा त्यानं कपावर हात धरला. "पुरे. ट्रक थांबलाय."

एक कप. खोकं काखेत तसंच घेऊन गेला.

मी त्याच्यामागे अंगणापर्यंत गेले. "तोराकिची-सान," मी म्हटलं. तो वळला. मागे दारात ओकुहारा-सान चपला घालत होते.

"कॉफी चांगली होती," मी म्हटलं.

त्यानं मान लववली आणि गेला.

संध्याकाळी सगळे नाचाला मैदानावर जमले. शेवटच्या पाण्याला बायकांत मी एकटी आणि पलीकडे उशिरा आलेले दोघं. इसोनो लंगडत आली. पाय भिजवायचा नव्हता, पण माझी पाठ चोळायला म्हणून स्टूल घेऊन हौदामागं बसली. नको म्हटलं तरी ऐकेना.

"एकच कप प्यायला," ती म्हणाली.

"हं."

"तीन दिवस खरवडलं मी. त्यानं नीट पाहिलं असेल ना?"

मी काही बोलायच्या आत मैदानावर ढोल थांबला आणि ओकुहारा-सानचं भाषण सुरू झालं. त्यांचा आवाज आधीच दांडगा, त्यात बोनची साके दारू पोटात. लाकडी भिंतीतून शब्द न् शब्द आत येत होता. मंडळाच्या वतीनं आभार, मिलच्या साहेबांचे आभार, आणि मग: "आपल्या इसोनो-सान! पाय भाजलेला असताना, आज दगडावर त्यांचं नाव ताजं लाल! कोनाच्या पाहुण्यांनीसुद्धा पाहिलं. ही आहे आपल्या कॅम्पाची शान!"

टाळ्या. त्रेचाळीस घरांच्या.

माझ्या पाठीवरचा हात थांबला. मी हात पाण्याखाली नेले, पण पाणी स्वच्छ होतं. तीच घासते हौद. तिनं मागून माझा उजवा हात धरला, वर काढला आणि दिव्याकडे केला.

मग अंग घासायचा झाम्याचा दगड घेतला आणि माझी नखं घासू लागली. एक बोट, दुसरं बोट. चिडून नाही, नेहमीसारखं, जसं ती सगळंच घासते.

"तुला ताप होता," मी म्हटलं. "थंडी वाजत होती तुला."

"हो."

"पत्र लिहूया त्याला. आज लिहूया."

"काय लिहिणार?" ती म्हणाली. "टाळ्या ऐकल्यात ना." तिनं माझं बोट उलटंपालटं केलं. "मिलचा रंग आहे, नेसान. हा नाही निघायचा."

हात तिनं अलगद पाण्यात सोडला. "पाणी गार होतंय. लाकूड घालते," म्हणाली आणि भिंत धरत बाहेर चुलीकडे गेली.

लाकूड पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. ढोल पुन्हा सुरू झाला होता. चार झाली तेव्हा पाणी बेताचं गरम होतं. पाचवं पडलं. बुडाखालच्या फळीतून ऊब वर चढायला लागली. सहावं पडलं, तेव्हा पलीकडून पुरुष ओरडले, "अहो तोमे-सान, पितरांना माणसं उकडून घालायचीत का आज?" आणि हसत धपाधप बाहेर पडले.

मला हाक मारता आली असती, हौदातून उठताही आलं असतं. एक पातळ फळी मध्ये होती.

बाहेर आणखी एक पडलं. मी मोजत होते. सातवं होतं.