मिटलेल्या डोळ्यांचा उमेदवार

वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवाराचा मेहुणा शिरला तो सात पानी तक्रार हातात घेऊनच. मागून उमेदवार आले, दार ढकलायचं की ओढायचं या विचारात थोडे मागे राहून.

तक्रार साधी होती. महिनाभरात या वर्तमानपत्रानं उमेदवाराचे एकोणीस फोटो छापले आणि एकोणीसही फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले. विरोधी उमेदवार मात्र दर वेळी टक्क जागा. उद्या दोघांचे फोटो पहिल्या पानावर शेजारी शेजारी येणार होते, परवा मतदान. उद्याही डोळे मिटलेलेच आले, तर निवडणूक तिथंच संपली.

"बाकीचं आम्ही पोटात घातलं," मेहुणा छायाचित्रकार बाईंना म्हणाला. "रुग्णालयाच्या उद्घाटनात भावोजी म्हणाले, इथली गर्दी अशीच वाढत राहो. छापलंत. घरोघरी फिरताना त्यांनी स्वतःच्या सासूला नाव विचारलं. तेही छापलंत."

"सासूबाईंनी चष्मा बदलला होता," उमेदवार म्हणाले.

"भावोजी, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय आपलं."

बाईंनी खुर्च्या पुढं केल्या. "चारशे बारा फोटो आहेत. सगळे दाखवते. उघड्या डोळ्यांचा सापडला तर तुम्ही सांगाल तो छापू, संपादकांनीच सांगितलंय."

त्यांनी पडदा ओढला. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आलं आणि खोली हिरवट झाली. भिंतीवर एकामागून एक उमेदवार उमटू लागले. व्यासपीठावर, जीपमध्ये, बागेच्या फाटकाशी. सगळीकडे डोळे मिटलेले. चेहरा इतका निवांत, की समोरची घोषणा देणारी माणसंच उगाच जागी वाटावीत. दोनशे फोटोंनंतर असं वाटू लागलं, की हा माणूस हळूहळू कुठंतरी खाली चाललाय आणि त्याची काहीच तक्रार नाही.

"पाण्यामुळं होतं ते," उमेदवार हळूच म्हणाले. "तीस वर्षं तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवलं. तोंडासमोर काही चमकलं की पापण्या आपोआप मिटतात. आणि मिटल्या की समोर तलाव दिसतो. सकाळचा, कुणी उतरायच्या आधीचा. मग काय बोलत होतो ते राहूनच जातं."

"हे बाहेर कुठं बोलू नका," मेहुणा म्हणाला.

"मीही तुमच्याकडेच शिकले सर," बाई म्हणाल्या. "सात वर्षांची होते. तुम्ही मला ढकललं होतं."

"सगळ्यांनाच ढकलायचो."

"म्हणजे जुना राग आहे," मेहुण्यानं पेन काढलं. "लिहून घेतो."

"राग कसला? मला पोहता येतं."

मेहुण्यानं तरी लिहून घेतलं. चारशे अकरावा फोटो गेला. बाईंचा हात थांबला.

"शेवटचा मी बाजूला ठेवला होता. तुमचीच लाज राखावी म्हणून. आज सकाळचा आहे, बाजारातला."

भिंतीवर कपड्यांचं दुकान आलं. दाराशी कोट घातलेला दुकानातला पुतळा, आणि उमेदवार त्या पुतळ्याशी हस्तांदोलन करून मत मागताहेत. पुतळ्याचा हात खांद्यातून निखळलेला. उमेदवारांनी एका हातानं त्याचं कोपर खालून सावरलंय, दुसऱ्या हातात त्याची बोटं धरलीत. डोळे पूर्ण उघडे, आणि त्या डोळ्यांत एवढी काळजी, की पुतळ्यानं परवा रांगेत उभं राहायला हरकत नव्हती.

"पुसून टाका," मेहुणा म्हणाला. "झोपलेला परवडला. ताईला काय तोंड दाखवू मी?"

उमेदवार उठून भिंतीजवळ गेले. पडदा हलला तसा फोटोवरून उजेड पाण्यासारखा सरकला.

"नवीन पोराला असंच धरावं लागतं," ते म्हणाले. "कोपर खालून. नाहीतर ते घाबरतं." मग बराच वेळ स्वतःच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. "मी असा दिसतो होय. मला वाटायचं, नुसता उभा असतो."

"भावोजी, उद्या सगळे हसतील."

"हसतील. पण मी कुठं तरी बघतोय हे तरी दिसेल. बाई, हाच छापा."

बाईंनी फोटो पाठवला. यंत्र थोडा वेळ गुणगुणलं आणि थांबलं.

"गेला?"

"गेला, सर."

उमेदवारांनी डोक्यावरून पाणी ओसरल्यासारखा श्वास सोडला. मेहुण्यानं तक्रारीची पानं उलटी केली, कोऱ्या बाजूला पेन टेकवलं आणि अडला.

"त्यांच्या फोटोत एकटा माणूस, आपल्या फोटोत दोघं," तो म्हणाला. "हा पक्षपात आपल्या बाजूचा धरायचा की विरुद्ध?"

उमेदवार अजून भिंतीपाशी उभे होते, डोळे उघडे ठेवून.