रुंद रस्त्याखाली

शहरात तिला सगळे 'नगरसेविका' म्हणायचे, आणि ती जन्मात कधी निवडणुकीला उभी राहिली नव्हती. रुंद रस्त्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं, एवढंच. पण खुर्चीत बसलेलं, गळ्याभोवती कापड बांधलेलं आणि कात्री कानाशी आलेलं माणूस पळून पळून जाणार कुठे? मग बाईसाहेब सुरू व्हायच्या. बंद पडलेल्या थिएटरात भाजीबाजार भरवा. गोदामांच्या भिंती पोरांना रंगवायला द्या. बसथांब्यावर सावली करा, म्हणजे म्हातारी माणसं निदान उंबऱ्याबाहेर पडतील. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि ती ओरडायची, "अहो, मान हलवू नका, कान जाईल!"

लोकांनी हसण्यावारी नेलं तरी तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कारखाना बंद झाल्यापासून शहर रिकामं होत चाललं होतं. तरुण मुलं बाहेर गेली, त्यांच्यामागोमाग दुकानं गेली. रुंद रस्ता तर दुपारी बघवत नसे. एवढा ऐसपैस, पण ना झाड, ना बाक, ना माणूस. दोन्ही बाजूंना ओढलेली शटरं आणि मधे तापलेलं डांबर. तिचा धाकटा भाऊही केव्हाच दुसऱ्या शहरात जाऊन राहिला होता. फोन आला की त्याचं एकच पालुपद, "आईला घेऊन इकडे ये." पण आई हलायला तयार नव्हती, आणि आई हलत नाही म्हणून लेकही हलत नव्हती.

आई दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. जेवण झालं की जिना उतरून यायची आणि दुकानासमोर फुटपाथला एक लोखंडी जाळी होती, तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायची. जाळीतून गार हवा यायची. म्हातारीला गारवा लागतो, असं सगळे समजायचे. लेकही तसंच समजायची.

सुरुवात झाडांपासून झाली. नगरसेविकेनं गिऱ्हाइकांच्या मागे लागून रोपं मिळवली, नगरपालिकेच्या माळ्याला गाठलं आणि रस्त्याच्या कडेनं ओळीत लावून घेतली. पाणी ती स्वतः घालायची. तरीही पहिल्याच उन्हाळ्यात सगळी वाळून कोळ झाली. माळ्यानं एक खड्डा उकरून पाहिला, तर हातभर खाली पहार खणकन वाजली.

"मुळं जाणार कुठे, ताई?" तो म्हणाला. "खाली स्लॅब आहे. आणि स्लॅबखाली तुमची नदी."

नदी आहे हे तिच्याएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? या रस्त्याच्या जागी एके काळी नदी वाहायची आणि तिचा दादा त्या नदीत गेला होता. ती जन्मायच्या आधी. सहा वर्षांचा होता. पोरांबरोबर लपाछपी खेळताना लपायला म्हणून काठाखाली उतरला, वरून पाण्याचा लोंढा आला, आणि तो सापडलाच नाही. तिनं त्याला फोटोतच पाहिलं होतं. आता तिचे केस पिकले तरी तो आपला सहाच वर्षांचा, आणि तरी दादाच.

त्यानंतर आईनं आसपासच्या बायका गोळा करून नगरपालिकेच्या दारात ठाण मांडलं होतं. नदी झाका, नाहीतर आम्ही इथून उठत नाही. नदी तेव्हा घाणीनं भरलेली, पावसात घराघरांत शिरायची. अखेर ती झाकली गेली, वर रस्ता झाला. जुनी माणसं अजूनही आईला वाटेत थांबवून म्हणायची, "आमची पोरं तुमच्यामुळे वाचली."

हे सगळं माहीत असलेल्या लेकीनं खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर निघायचं नाव घेत नसे.

नगरपालिकेतली एक इंजिनीअर बाई केस कापायला तिच्याकडेच यायची. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्या या रस्त्याचा स्लॅब सडत आलाय. सळया उघड्या पडल्यात. नवा घालायचा की काय करायचं, ठरवावं लागणार."

नगरसेविकेची कात्री थांबली. "काढूनच टाकला तर?"

"काढून?"

"आता घाण पाणी वेगळ्या पाइपांतून जातं ना? मग खाली उरलं ते नदीचंच पाणी. उघडू द्या तिला. दोन्ही काठांना पायऱ्या, झाडं, बसायला जागा. या उन्हात लोक आपोआप येतील हो. माणसं आली की दुकानं येतील."

इंजिनीअर बाई आरशातून तिच्याकडे बघत राहिली. तिच्या एवढ्या कल्पनांमधली ही पहिली, जिच्यावर कुणी हसलं नाही.

पुढे शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. नगरसेविकेनं मोठ्या कागदावर चित्र काढून नेलं होतं. औषधांच्या दुकानदारानं तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतून निवृत्त पोस्टमन काका उठले.

"छान आहे, पोरी. पण आईला विचारलंस का?"

तिनं विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणून रोज जिना चढायची आणि भाजी काय करू, एवढंच विचारून खाली यायची.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई जाळीपाशीच बसली होती.

"नदी उघडायची म्हणतेस."

"आई, मी सांगणारच होते. तुला पाण्याची भीती वाटते, कळतं मला, पण आता पाणी घोट्याएवढंसुद्धा..."

"भीती पाण्याची नाही गं." आईनं आतून दुसरं स्टूल आणायला लावलं. "बस. ऐक."

ती बसली. जाळीखाली काळोख होता आणि खूप खाली पाण्याचा बारीक आवाज.

"काय ऐकू?"

"तो विचारतोय."

"कोण?"

"कोण म्हणजे? दादा तुझा. 'येऊ का?' म्हणतो."

दूध संपलंय असं सांगावं, तशा आवाजात आई हे सांगत होती. लेकीनं पुन्हा कान दिला. पाणी वाहत होतं, बाकी काही नाही.

"रोज?"

"रोज नाही. रस्ता सामसूम असला की. झाकलं तेव्हापासून."

"मग तू काय सांगतेस त्याला?"

"काय सांगू? ये म्हणावं तर येणार कुठून? वरून बंद तर मीच करून घेतलं." आईनं जाळीवरचा कचरा बोटांनी बाजूला केला. "आता तुम्ही उघडाल. उजेड शिरेल, माणसं नाचतील, तो तिथून निघून जाईल. मग मी कुणाजवळ बसू, सांग."

धाकट्याकडे आई का जात नाही, हे लेकीला त्या दिवशी कळलं. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय असंही तिला वाटून गेलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी ती तडक इंजिनीअर बाईच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"माझं नाव काढा यातून. रस्ता आहे तसा राहू दे."

"अहो, काय झालं?"

"घरचं आहे."

इंजिनीअर बाईनं खोदून विचारलं नाही. फक्त म्हणाली, "पुढचं पुढे बघू. पण पाहणी करावीच लागणार. उद्या स्लॅब कुणाच्या डोक्यात पडायला नको."

पाहणीला इंजिनीअर बाई एक मुकादम आणि दोन कामगार घेऊन आली. दुकानासमोरचं मोठं झाकण उचललं, कंबरेला दोर बांधले, बॅटऱ्या घेतल्या आणि तिघं शिडीनं खाली उतरले. लेकीनं आईला वरच थांबवायचा प्रयत्न केला होता, पण आई खाली येऊन नेहमीच्या जागी बसलीच.

फार वेळ झाला नसेल, दोर जोरजोरात हलला. तिघं घाईघाईनं वर आले. मुकादम चांगला आडदांड गडी, पण चेहरा पांढराफटक.

"वरच्या अंगाचं झाकण कुणी उघडं टाकलंय का?"

"नाही. का?" इंजिनीअर बाईनं विचारलं.

"मग आत पोर शिरलं कसं? आवाज येतोय. मी दोनदा ऐकला. यांनीही ऐकला."

दोघे कामगार खाली मान घालून उभे होते. इंजिनीअर बाईनं वेळ न घालवता अग्निशमन दलाला बोलावलं. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं भुयार धुंडाळलं. आत कुणी नव्हतं. शहरात कुणाचं मूल हरवलेलंही नव्हतं. वारा असेल, पाण्याचा आवाज असेल, असं म्हणून मंडळी पांगली.

लेकीनं आईचं बोलणं कुणाजवळही काढलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

आईनं मुकादमाला बाहीला धरून आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"काय म्हणत होता रे?"

"येऊ का, येऊ का, असं."

"कसं म्हणाला? नीट आठव. दारात येऊन विचारतात तसं, की चपला घालून निघताना म्हणतात तसं?"

मुकादमानं पेला हातात फिरवला. "आजी, पाहुण्यांकडे बसून बसून पोर कंटाळतं ना? आईचा हात ओढतं, चल ना म्हणतं. तसा होता आवाज."

आईनं त्याच्या हातातला पेला घेतला. जिना चढून वर गेली आणि पुढचे कित्येक दिवस खाली उतरलीच नाही. लेक ताट वर न्यायची, अर्धं परत आणायची. जाळीजवळचं स्टूल तिनं आत ठेवलं, मग पुन्हा बाहेर ठेवलं.

एका सकाळी दुकान उघडून ती झाडत होती, तर आई स्वतःहून उतरली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

"केस नीट कर माझे."

लेकीनं कापड बांधलं. आईचे केस विरळ, कापसासारखे झाले होते.

"मी उलटं ऐकलं गं," आई आरशात बघून म्हणाली. "मला वाटलं, तो यायचं विचारतोय. तो निघायचं विचारत होता. बाहेर जाताना विचारून जायचं, ही सवय मीच लावली होती त्याला. मी 'ये' म्हटल्याशिवाय पोर पायरी उतरायचं नाही. आणि मी आपली गप्प. इतकी वर्षं ताटकळत ठेवलं लेकराला."

लेकीनं कात्री खाली ठेवली.

"रडू नकोस, एका बाजूचे राहिलेत," आई म्हणाली. "आणि त्या इंजिनीअर बाईला सांग. उघडा म्हणावं."

स्लॅब निघाला त्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर लोटलं होतं. मशीननं पहिला तुकडा उचलला, धुळीचा लोट उठला आणि बसला. खाली ऊन पडलं. दगडांमधून जाणारं, हात बुडेल न बुडेल एवढं पाणी दिसलं. कुणीतरी निराशेनं म्हणालं, "एवढीशीच?" आई गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी पुढे उभी होती. लेकीनं तिचा दंड धरला होता. आई जरा वाकली आणि घरातल्या घरात बोलावं तशी म्हणाली, "ये हं. जपून."

काहीच घडलं नाही. मशीनवाल्यानं पुढच्या तुकड्याला हात घातला. आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "चल, चहा टाक."

त्यानंतर आई जाळीपाशी बसली नाही. जाळीच उरली नव्हती. थोड्याच दिवसांत ती धाकट्याकडे राहायला गेली. बॅग भरताना तिनं दादाचा फोटो भिंतीवरून काढला नाही. लेकीनं आठवण केली, तर म्हणाली, "तुझ्याकडे राहू दे. मला आता नको." तिकडे तिला झोप छान लागते, असं भाऊ फोनवर सांगायचा. आईला म्हणे पत्ते खेळायचा नाद लागला होता, आणि ती चक्क लबाडी करायची.

नगरसेविकेचं म्हणणं खरं ठरलं. काठाची झाडं या वेळी धरली. दोन दुकानं उघडली, मग आणखी काही. माणसं संध्याकाळी पायऱ्यांवर पाय सोडून बसू लागली. दुकानात आता गिऱ्हाइकांना थांबावं लागायचं. ती मात्र आरशात बघून केस कापता कापता मागच्या काचेतून पाण्याशी खेळणारी पोरं मोजायची, आणि एखादं कमी वाटलं की कात्री घेऊन तशीच दारात धावायची.

एकदा इंजिनीअर बाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "आता पुढे काय, नगरसेविका? थिएटराचं काय ते बोला."

"बोलू की," ती म्हणाली, पण बोलली नाही.

दुपारी काठावर कुणी नसलं की ती हल्ली केस वाळवायचं यंत्र बंद करायची आणि पायरीवर जाऊन बसायची. पाणी वाहत असायचं. मुकादमानं ऐकलं होतं, त्या दोन परक्या कामगारांनीही ऐकलं होतं. आईनं तर जन्मभर ऐकलं. लेकीनं सगळं शहर उकरून त्याला वाट करून दिली, आणि दादा तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. याचा तिला राग यायचा, अगदी लहान बहिणीला यावा तसा. मग दुकानातून कुणीतरी हाक मारायचं, आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठायची.