झुंबरबाईचं रक्त आणि माझी पूजा

मी एक जुना दगडी खल आहे, मित्रांनो. माझी गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल त्याने पाट्या-वरवंट्याकडे जावं, त्याच्याकडे पुरणाच्या आठवणी आहेत.

पाथरवटाने काळ्या पाषाणावर छिन्नी मारमारून माझं पोट कोरलं. आक्काबाईने मला नाशिकच्या बाजारातून आणलं आणि मखमलाबादच्या मळ्यात चुलीशेजारी बसवलं. घर फुलं पिकवणाऱ्या माळ्यांचं. मी वर्षानुवर्षं लसूण-मिरच्या कुटल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग आक्काबाईच्या सुनेची, झुंबरबाईची पाळी गेली. लाजू नका, मित्रांनो. एका वयात ती प्रत्येक बाईची जाते. झुंबरबाईला थंडीतही घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. आक्काबाईने माझ्यात जवस कुटलं, तीळ कुटले, शतावरी कुटून दुधातून दिली. सब्जाचं पाणी पाजलं. झुंबरबाईला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि एक सुख झालं. पाळीच्या दिवसांत तिला फुलांना हात लावायची बंदी होती. देवाला जाणारं फूल विटाळतं म्हणे! ती बंदी सुटली. आता ती रोज झेंडू खुडायची.

पण आक्काबाईचं मन भरेना. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात तिने कळवणकडच्या एका झाडपालेवाल्याकडून कसलीशी साल आणली. "घे बये, तरणी व्हशील!" मी ती साल कुटत राहिलो. आणि दोन वर्षं थांबलेलं रक्त झुंबरबाईच्या लुगड्यावर पुन्हा दिसलं.

घरात आनंद झाला. होय, आनंद! औषध लागू पडलं म्हणून आक्काबाईने मला हळदकुंकू वाहिलं. शेजारचा फकिरा बांधावरून ओरडला, "सावळीराम, बायको नवी करकरीत झाली की रं तुझी!" सावळीराम मिशीत हसला.

झुंबरबाईला गोठ्याशेजारी बसवलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या. आठवडे गेले. रक्त थांबेना, म्हणून विटाळही थांबेना.

"आत्याबाई, हे बरं लक्षण नाय. पोटात लय दुखतंय. दवाखान्यात न्या मला."

"साठल्यालं हाय, निघू दे. घाण निघाल्याबिगर अंग हलकं व्हतं का?"

तिने नवऱ्यालाही तेच सांगितलं. तो वैतागला. "दसरा तोंडावर आलाय. झेंडू काढू का तुला फिरवू?"

झेंडू निघाला. मग शेवंती आली. शेजारणी माझ्यातली पूड मागायला येऊ लागल्या. माझं कौतुक गावभर झालं आणि गोठ्याशेजारी झुंबरबाई पांढरी पडत गेली.

दिवाळीला सातपूरला दिलेली लेक सुवर्णा आली. आईला पाहून किंचाळलीच. "आजी, अगं ही पाळी नाही!"

"चार बुकं शिकली, तर मला अक्कल शिकवती!"

सुवर्णाने कुणाला विचारलं नाही. रिक्षा आणली, आईला आत घातलं आणि दवाखान्यात नेलं. परत आली ती दारातच खाली बसली. गर्भाशयाचा कॅन्सर. पसरलेला. तो सालीने झाला नव्हता. पण पहिला डाग दिसला तेव्हाच आणलं असतं, तर वाचवायची आशा होती, असं डॉक्टर म्हणाले.

संक्रांतीआधी झुंबरबाई गेली. तिच्या तिरडीवर मळ्यातल्या फुलांचा ढीग घातला. तेव्हा कुणाला विटाळ आठवला नाही.

तेरावं उरकत नाही तोच एक शेजारीण पूड मागायला आली. आक्काबाई म्हणाली, "हिचं नशीबच फुटकं व्हतं, औशिदाला काय झालंय?" आणि तिने बत्ता उचलला. सुवर्णाने तो हिसकावला, मला पोटाशी धरून उचललं आणि बांधापलीकडे भिरकावलं. माझा काठ फुटला.

आता माझ्यात साचलेलं पाणी कुत्री पितात. बरं आहे. मला उचलून आत नेऊ नका, घासूनपुसून ठेवू नका. आईला घाम फुटला तर वारा घाला, सब्जा भिजवा, खुशाल तीळ कुटा. पण थांबलेलं रक्त परत आलं, तर त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्या. आज घरी गेल्यावर तिला विचारा, "आई, तुला काही होतंय का?" ती म्हणेल, "काही नाही रे, जा खेळ."

मित्रांनो, तेवढं तिचं ऐकू नका.